बिग बर्थाखाली बेबी बर्था: दोन किटांमधून दोन टप्प्यांचं रॉकेट

प्रश्न थोडक्यात असा. घरात एस्टेस या कंपनीची मॉडेल रॉकेटची दोन किटं आहेत, बिग बर्था आणि बेबी बर्था. दोन्हींची बॉडी ट्यूब एकाच मापाची, मोटरही दोन्हींत १८ मिमीचीच बसते. मग बेबी बर्था खाली आणि बिग बर्था वर असं दोन टप्प्यांचं रॉकेट होईल का? दोन्हींत सी६-५ मोटर चालेल का? आणि दिवाळीत पुण्याला जाताना ते भावंडांना दाखवायला नेता येईल का? विचारणारे वडील टेक्सासमध्ये राहतात. मुलगी तेरा वर्षांची आहे आणि एका टप्प्याची बरीच रॉकेटं तिने उडवली आहेत.

रॉकेट होईल, आणि चांगलं होईल. पण सी६-५ वर नाही. आमच्या क्लबात उड्डाणाआधी रॉकेटं तपासून परवानगी द्यायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. जोड-रॉकेट घेऊन येणारे बहुतेक जण ट्यूब ट्यूबमध्ये कशी चपखल बसली हे आधी दाखवतात. मी विचारतो ते वेगळंच: सगळं मिळून वजन किती, रॉड (उड्डाणाच्या वेळी रॉकेटला सरळ धरणारी सळई) सोडताना वेग किती, आणि वरची मोटर पेटेल तेव्हा नाक कुठे असेल? दोन टप्प्यांच्या रॉकेटचं भवितव्य या तीन उत्तरांवर ठरतं.

आधी मोटरचं बोलू, कारण यात चूक झाली तर जिवावर बेतू शकतं. सी६-५ मधलं अक्षर मोटरच्या एकूण ताकदीचा वर्ग सांगतं, ६ म्हणजे न्यूटनमधला सरासरी धक्का, आणि शेवटचा ५ म्हणजे पाच सेकंदांचा विलंब. इंधन संपल्यावर धूर सोडणारा विलंब-मसाला पाच सेकंद जळतो आणि मग पॅराशूट बाहेर ढकलणारा बार उडतो. ही मोटर खालच्या टप्प्यात घातली तर जोड-रॉकेट वर जाईल, धक्का संपेल, आणि वरची मोटर न पेटताच ते पाच सेकंद नुसतं तरंगत राहील. इतकं जड रॉकेट तेवढ्या वेळात माथा गाठून खाली वळलेलं असतं. त्या क्षणी बार उडून वरची मोटर पेटली, तर रॉकेट पूर्ण जोराने जमिनीकडे येणार. म्हणून खालच्या टप्प्यात फक्त शून्य विलंबाची मोटर: बी६-०, सी६-०, डी१२-०. यांत विलंबही नसतो, बारही नसतो आणि वरची मातीची टोपीही नसते. इंधन शेवटपर्यंत जळत आलं की त्याचा पातळ राहिलेला थर फुटतो, तप्त वायू आणि जळते कण पुढे उसळतात आणि वरच्या मोटरच्या नोझलमध्ये, म्हणजे मागच्या तोंडात, शिरून तिला पेटवतात. ना वायर, ना बॅटरी.

हे फक्त काळ्या दारूच्या मोटरला साधतं, कारण ती मागून पुढे सरळ थराथराने जळते. कंपोझिट मोटरमध्ये इंधनाच्या लांबीभर पोकळी असते आणि ते आतून बाहेर जळतं. ती पुढून अशी फुटतही नाही आणि खालून आलेल्या ठिणग्यांनी भरवशाने पेटतही नाही. तेव्हा दुकानात १८ मिमीच्याच मापाच्या क्वेस्टच्या क्यू-जेट मोटर दिसल्या, तरी या कामासाठी घेऊ नका. त्या कंपोझिट आहेत.

आता वजन. रंगवलेली बिग बर्था साधारण ७५ ग्रॅम धरू, वरची सी६-७ मोटर २६, बेबी बर्थापासून केलेला बूस्टर, म्हणजे खालचा टप्पा, ३५ आणि त्यातली सी६-० मोटर २३. बेरीज १५९ ग्रॅम. (हे माझे अंदाज. तुमचं रॉकेट स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा आणि तुमचेच आकडे धरा. रंग आणि गोंद किती वजन वाढवतात ते बघून मुलगी चकित होईल.) सी६-० साठी एस्टेसने दिलेली उड्डाणवजनाची मर्यादा ११३ ग्रॅम आहे. म्हणजे इथे आपण चाळीस टक्क्यांनी वर गेलो. नावात ६ असला तरी सी६ चा सरासरी धक्का प्रत्यक्षात पावणेपाच न्यूटनच्या आसपास असतो. १५९ ग्रॅमचं वजन दीड न्यूटनहून थोडं जास्त. धक्का वजनाच्या जेमतेम तिप्पट झाला, आणि आम्ही निदान पाचपट मागतो.

हा पाचपटीचा आग्रह कशासाठी? पंख काम करतात ते त्यांच्यावरून वाहणाऱ्या हवेमुळे. रॉड सोडताना रॉकेटला सेकंदाला १३ मीटरच्या आसपास वेग हवा. त्याहून सावकाश निघालं तर पंखांना पकड मिळत नाही आणि जरासा वाराही त्याचं नाक आपल्या दिशेला वळवतो. एका टप्प्याच्या रॉकेटला हे एक वेळ खपतं. तिरकं जातं, लांब पडतं, संपलं. दोन टप्प्यांत खालची मोटर जळत असताना आलेला तिरकेपणा वरच्या टप्प्याला वारशाने मिळतो. वरची मोटर दिशा विचारून पेटत नाही. रॉकेट ४५ अंशांत कललेलं असेल तर ती त्याला शेजारच्या शेतावर, रस्त्यावर किंवा लोकांच्या डोक्यावरून पळवेल. मी रॉकेटं परत पाठवतो ती बहुधा याच कारणासाठी, आणि त्यात मी कधीही ढील देत नाही.

उपाय सोपा आहे, फक्त त्यासाठी बेबी बर्थाचा मूळ मोटर माउंट (मोटर धरून ठेवणारी आतली नळी) बाजूला ठेवावा लागेल. तिच्या ट्यूबमध्ये २४ मिमीचा माउंट बसवा आणि खाली डी१२-० वापरा. ही मोटर सुमारे ४१ ग्रॅमची, सरासरी धक्का दहा न्यूटनच्या वर, आणि सुरुवातीलाच तिचा जोर तीसच्या घरात जातो. मोठे पंख आणि नवीन नळी धरून सगळं वजन १८७ ग्रॅमपर्यंत गेलं, तरी सरासरी धक्का वजनाच्या साडेपाच पट राहतो. एस्टेसची या मोटरची मर्यादा ३९६ ग्रॅम आहे, म्हणजे तिथेही आपण आरामात आत आहोत. वरची बिग बर्था १८ मिमीचीच राहू द्या.

आता जोडणी. इथे जरा रेंगाळणार आहे, कारण किटाच्या सूचनापत्रात यातलं काहीच सापडणार नाही.

१८ मिमीवर १८ मिमी असतं तर दोन मोटर टोकाला टोक लावून पारदर्शक चिकटपट्टीच्या एका वेढ्याने बांधता आल्या असत्या. आपल्याकडे मापं वेगळी, त्यामुळे मोटरमध्ये अंतर ठेवावं लागेल. खालच्या मोटरपासून वरच्या नोझलपर्यंत २४ मिमीच्या माउंटचीच नळी, म्हणजे बीटी-५० या मापाची, सलग वर नेऊन तिची चिमणी करायची. ती बर्थाच्या बाहेरच्या ट्यूबमध्ये (तिचं माप बीटी-६०) सेंटरिंग रिंगांनी, म्हणजे दोन नळ्यांमधल्या कड्यांनी, मधोमध धरलेली असेल. ठिणग्या रुंद ट्यूबमध्ये विखुरण्याऐवजी थेट वरच्या नोझलपाशी पोचतात. बेबी बर्थाची ट्यूब आखूड असल्याने अंतर आटोक्यात राहतं, हा या जोडीचा मोठा फायदा आहे.

पण चिमणीत हवा आहे. खालची मोटर फुटताच वायू वर धावतात, ती थंड हवा दाबली जाते, आणि ठिणगी पोचण्याआधीच हा दाब वरच्या टप्प्याला ढकलून मोकळा करतो. टप्पे सुटतात, वरची मोटर थंड राहते. यासाठी हवेला बाहेर जायला वाट हवी. बूस्टरच्या वरच्या काठापासून साधारण १० मिमी खाली समोरासमोर दोन भोकं पाडा, ६ मिमी व्यासाची. ती बाहेरची ट्यूब, तिथे आतून चिकटवलेला कपलर (दोन टप्पे जोडणारी नळी) आणि चिमणी या तिन्हींतून आरपार जायला हवीत. भोकं वरच्या बाजूलाच का? दाबली जाणारी हवा वरच्या टोकाला कोंडते म्हणून. खाली मोटरजवळ पाडली तर ठिणग्याच बाहेर पडतील आणि कोंडलेली हवा तशीच राहील. गोंद लागण्याआधी भोकं पाडली आणि नंतर ती एका रेषेत आली नाहीत, हे वारंवार दिसतं. सगळं चिकटवून, वाळवून, मग एकदाच ड्रिल फिरवा.

कपलर म्हणजे बीटी-६० च्या आत सरकणारी जाड कागदी नळी. अर्धी बूस्टरमध्ये चिकटवायची, उरलेली अर्धी वर मोकळी ठेवायची आणि ती बिग बर्थाच्या शेपटीत शिरेल. अडचण अशी की बिग बर्थाचा मोटर माउंट ट्यूबच्या अगदी टोकाशी असतो, कपलरला आत जागाच नसते. म्हणून बिग बर्था अजून जोडलेली नसेल तरच हे किट वापरा, आणि माउंट आत सरकवून चिकटवा, म्हणजे मोटरचं मागचं टोक ट्यूबच्या काठापासून ३० मिमी आत राहील. याहून खोल नेऊ नका. मोटर एका व्यासाहून जास्त आत गेली की भोवतीच्या ट्यूबमध्ये हवेची ओढाताण सुरू होते आणि धक्क्याचा मोठा हिस्सा वाया जातो. याला क्रुश्निक परिणाम म्हणतात. बीटी-६० चा बाहेरचा व्यास ४१.६ मिमी आहे, तेव्हा ३० मिमी सुरक्षित आहे आणि कपलरलाही पुरेशी पकड मिळते.

जोड किती घट्ट? उभं रॉकेट बाजूने हलवलं तर जोडापाशी डुलता कामा नये, आणि वरचा टप्पा धरून उचललं तर बूस्टर स्वतःच्या वजनाने सरकत खाली यायला हवा. घट्ट वाटला तर कपलरला बारीक सँडपेपर लावा. सैल वाटला तर मास्किंग टेपची एखादी पट्टी लावा, पण बाहेरून दोन टप्प्यांवर टेप कधीच गुंडाळू नका. चिमणीच्या वरच्या टोकाला आणि कपलरच्या आतल्या काठाला लाकडाच्या गोंदाचा पातळ हात द्या, म्हणजे कागद पहिल्याच उड्डाणात जळून झिजणार नाही.

स्थिरतेचा हिशेब दोनदा करावा लागतो: एकदा पूर्ण रॉकेटचा, एकदा एकट्या वरच्या टप्प्याचा. गुरुत्वमध्य हा दाबकेंद्राच्या (हवेचा बाजूचा जोर जिथे एकवटतो त्या बिंदूच्या) पुढे निदान एका व्यासाइतका हवा, म्हणजे इथे सव्वाचार सेंटिमीटर. जोड-रॉकेटच्या शेपटीत आणखी एक जड मोटर येते आणि गुरुत्वमध्य मागे सरकतो. त्यात बिग बर्थाचे भलेमोठे पंख आता रॉकेटच्या मधल्या भागात आले, त्यामुळे दाबकेंद्रही पुढे ओढलं गेलं. म्हणून बूस्टरचे पंख बहुतेक वेळा किटातल्यापेक्षा मोठे लागतात. ३/३२ इंची बाल्सामधून नवे कापा, लाकडाची रेघ पंखाच्या पुढच्या कडेला समांतर ठेवून. नाकात माती भरूनही तोल साधता येतो, पण आपण आत्ताच एकेक ग्रॅमचा हिशेब केला आहे. मी आधी पंख वाढवतो.

दाबकेंद्र काढायची पद्धत जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये या छंदासाठी मांडली आणि आजही तीच वापरतात. हाताने करायची गरज नाही. ओपनरॉकेट हा फुकट मिळणारा प्रोग्राम घ्या. सांपो निस्कानेन यांनी तो २००९ मध्ये हेलसिंकीत पदव्युत्तर प्रबंध म्हणून केला. त्यात दोन टप्पे टाकता येतात. मुलीलाच बसवा त्याच्यापुढे. पंख पाच मिमीने वाढवले की दाबकेंद्राचा लाल ठिपका कसा मागे सरकतो हे तिने स्वतः पाहिलं, की स्थिरता वेगळी शिकवावी लागत नाही. प्रोग्रामने काढलेल्या वजनावर मात्र विसंबू नका. तयार रॉकेट मोटरसकट बोटावर तोलून गुरुत्वमध्य शोधा आणि तो आकडा त्यात भरा.

सुटलेला बूस्टर याच्या नेमका उलट हवा, म्हणजे अस्थिर. त्याला पॅराशूट नसतं. तो गडगडत, कोलांट्या खात पडला की वेग कमी राहतो. जळून रिकामी झालेली मोटर आत ठेवून त्याचा तोल पाहा. गुरुत्वमध्य मागे, पंखांच्या आसपास पडला की झालं. आखूड, रुंद आणि चार पंखांचा हा बूस्टर सहसा छान गडगडतो. डी१२ साठी २४ मिमीचा धातूचा हुक लावा, नाहीतर फुटण्याच्या झटक्याने मोटर मागून निसटेल आणि वरची पेटवायला कोणी उरणार नाही.

बिग बर्थाला एक लाँच लग (रॉडवर सरकणारी छोटी नळी), बूस्टरला एक, दोन्ही एका रेषेत. किटातला लग १/८ इंची रॉडसाठी असतो. एवढ्या लांब, जड रॉकेटखाली तो रॉड चाबकासारखा वाकतो. ३/१६ इंची, निदान चार फुटी रॉड आणि त्याला जुळणारे लग घ्या.

पहिल्या उड्डाणाच्या दिवशी आधी बिग बर्था एकटी उडवा, बी६-४ वर. माउंट सरकवल्यानंतर ती सरळ जाते, वेळेवर पॅराशूट काढते, हे डोळ्यांनी पाहा. मग जोड. वर लगेच सी६-७ घालायचा मोह होईल, पण सुरुवात ए८-५ ने करा, ओपनरॉकेटमध्ये चालवून बघून. यामागे मैदानाचंही कारण आहे. अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या सुरक्षासंहितेत मैदानाचा आकार रॉकेटमधल्या सगळ्या मोटरच्या एकूण आवेगावर, म्हणजे धक्का गुणिले वेळ यावर, ठरतो. डी१२ चे साधारण १६.८ न्यूटन-सेकंद आणि ए८ चे २.३, मिळून १९.१. हे २० च्या आत, म्हणजे डी वर्गात, आणि त्याला ५०० फुटांचं मैदान लागतं. वर सी६ घातली की बेरीज २५ च्या पुढे जाते, रॉकेट ई वर्गात पडतं आणि मैदान लागतं १,००० फुटांचं. शाळेमागचं फुटबॉलचं मैदान इथे संपलं. जवळच्या क्लबाच्या जाहीर उड्डाणदिवशी जा, तिथे जागाही असते आणि तपासायला चार अनुभवी डोळेही.

संहिता ताशी २० मैलांच्या वाऱ्यापर्यंत उड्डाणाला मुभा देते. दोन टप्प्यांसाठी मी त्याच्या निम्म्यावरच थांबतो. पॅराशूटही लहान घ्या किंवा त्याच्या मधोमध गोल भोक कापा. २५० मीटरवरून सेकंदाला चार मीटरने उतरणारं रॉकेट मिनिटभर हवेत असतं, आणि तेवढ्याच वेगाचा वारा त्याला तितकंच, २५० मीटर, लांब नेतो. सगळ्यांना नऊ मीटर, म्हणजे ३० फूट तरी मागे ठेवा, आणि दोन माणसं आधीच नेमा: एकाने फक्त बूस्टरवर नजर ठेवायची, दुसऱ्याने फक्त वरच्या टप्प्यावर.

वरची मोटर पेटलीच नाही तर? पॅराशूटचा बार त्याच मोटरमध्ये आहे. ती पेटली नाही तर पॅराशूट नाही आणि रॉकेट नाकावर सरळ खाली येणार. म्हणून उड्डाणाआधी सगळे उभे असावेत, खुर्चीत कोणी नको, आणि टप्पे सुटून ज्वाळा दिसली नाही तर त्याच क्षणी मोठ्याने ओरडून सांगायचं. पडल्यावर धावत जाऊन उचलू नका. आत विलंब-मसाला धुमसत असू शकतो. काही मिनिटं थांबा, मोठ्या माणसाने जाऊन मागच्या टोकाला तोंड न नेता मोटर काढावी. पॅडवरच पेटलं नाही तर लाँचरची किल्ली काढून पूर्ण ६० सेकंद कोणीही जवळ जायचं नाही.

डी१२ मोटर टेक्सासच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका. तापून-निवून दारूच्या गोळ्याला बारीक तडे जातात आणि मोटर पॅडवर फुटू शकते. घरात, कपाटात ठेवा.

एवढं सुतारकाम नको असेल तर सोपी वाटही आहे: एस्टेसची दोन अल्फा किटं. ट्यूब बीटी-५०, मोटर १८ मिमी, अंग हलकं. एका अल्फाची ट्यूब मोटरएवढी आखूड कापून बूस्टर केला, खाली बी६-० आणि वर ए८-५ घातली, तर सगळं ७५ ग्रॅमच्या आसपास बसतं आणि दोन्ही मोटर चिकटपट्टीने थेट जोडता येतात. आवेगाची बेरीज सी वर्गात, मैदान ४०० फुटांचं. मुलीचं पहिलं जोड-रॉकेट हे असावं असं मला मनापासून वाटतं. बर्था हिवाळ्यात निवांत बांधा.

तिला एक गोष्ट नक्की सांगा. हाताशी असलेली दोन रॉकेटं एकावर एक चढवणं ही या क्षेत्राची जुनी, मानाची रीत आहे. २४ फेब्रुवारी १९४९ रोजी अमेरिकेत व्हाइट सँड्सवरून जर्मन व्ही-२ क्षेपणास्त्राच्या डोक्यावर छोटं डब्ल्यूएसी कॉर्पोरल रॉकेट बसवून उडवलं आणि ते जवळपास ४०० किलोमीटर उंच गेलं. भारताच्या अवकाश कार्यक्रमाची सुरुवात २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून ज्या नाइकी-अपाचीने झाली, तेही असंच जोड-रॉकेट होतं. त्याचा खालचा टप्पा विमानवेधी क्षेपणास्त्राच्या बूस्टरमधून आलेला.

राहिलं पुणे. मोटर प्रवासी विमानात नेता येत नाहीत, ना हातातल्या बॅगेत ना खाली दिलेल्या सामानात. एकही नेऊ नका. रॉकेट नेता येईल, पण न उडवलेलं न्या, कारण जळलेल्या दारूचे अंश सुरक्षा तपासणीत सापडले तर विमानतळावर खोळंबा होईल. तिथे फटाक्यांची दारू काढून मोटर करून बघू असं कोणी भावंड नक्की म्हणेल. त्याला तिथल्या तिथे थांबवा. घरी केलेल्या मोटरने बोटं आणि डोळे गेल्याचे प्रकार या छंदाच्या आरंभापासूनचे आहेत, आणि परवान्याशिवाय स्फोटक बनवणं भारतात गुन्हाही आहे. कोरी अल्फा न्या, ती दिवाणखान्यात बसून सगळ्यांनी मिळून जोडावी, आणि सोबत टेक्सासच्या उड्डाणाचा व्हिडिओ न्या.